नीळूची पन्नाशी

॥ श्री ॥
झाशी, १२ नोव्हेंबर २०२४

चि. नचिकेत यास आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल काल पोचलं. दिवाळीचं काही गोडधोड असेल म्हणून कात्री घेऊन हौसेने बसले, आणि निघाला नीळूचा स्वेटर. तुझ्या बाबांचा, माझ्या एकुलत्या भावाचा, माझ्याच हातचा. अठ्ठावीस वर्षं तू तो वापरलास, कोपरं विरली तरी सोडला नाहीस, आणि आता ऐन थंडीच्या तोंडावर परत धाडलास. सोबत अर्ध्या ओळीची चिठ्ठी, की आता हा तुझ्याकडेच असू दे.

बाहीत तुझ्या बायकोने, आभाने, तुझ्या नकळत घातलेली दुसरी चिठ्ठी सापडली. त्यात आहे की तू अनुयाचं लग्न सोळा फेब्रुवारीला ठरवलंस, ग्वाल्हेरच्या पार्थशी. मुलाबद्दल माझी तक्रार नाही, दोघं एकमेकांना ओळखतात, पसंती आहे. पण पोरीची बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा मार्चात. जरा थांबू या असं आभाने म्हटलं की तू ताटावरून उठतोस, आणि ती बिचारी बापाचं तोंड बघून हो म्हणून बसली. वर तू चाळिशीही करून घेत नाहीस. पेपर हात लांब करून वाचतोस, आणि डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणालास की तीन महिन्यांसाठी कशाला नंबर काढायचा.

कसले रे तीन महिने? काही दुखणं लपवतोयस का? फोनवर विचारलं असतं, पण माझं कानातलं मशीन फोन जवळ आला की शिट्ट्या मारतं. तेव्हा लिहून कळव, आणि अक्षर मोठं काढ. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं पंचांग आणि पत्रं वाचून जमवलेलं.

शेजारचा कमलाकर रोजच्यासारखा चहाला आला होता. नीळूचा मोठ गावच्या शाळेतला सोबती, तुला आठवत असेल. तो म्हणाला की या वयात माणसं केस काळे करतात, नचिकेतने निदान तेवढा तरी वेडेपणा करायचा. मला हसू आलं नाही.

उत्तराची वाट बघते. माया आहे तशी ठेव.
तुझी,
अनुसूया आत्या


जबलपूर, २२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आत्यास नचिकेतचा साष्टांग नमस्कार.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, हसू नकोस. बिमारी काही नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. जे आहे ते मी आभालाही नीट सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितो.

बाबा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. नऊ नोव्हेंबर शहाण्णव. मानिक चौकातून भाजी घेऊन निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच कोसळले. पिशवीतल्या मटारच्या शेंगा रस्ताभर झाल्या होत्या. लोक त्यांना उचलत होते आणि मी शेंगा वेचत होतो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. मग मृत्यूच्या दाखल्यासाठी त्यांचं शाळेचं सर्टिफिकेट घेऊन मीच फिरलो. जन्म एक जुलै सत्तेचाळीस. म्हणजे एकोणपन्नास वर्षं, चार महिने, आठ दिवस. तो आकडा तेव्हा डोक्यात बसला तो बसलाच.

त्या वयाला मी येत्या तेवीस फेब्रुवारीला पोचतो. मी मरणारच असं म्हणत नाही, आत्या. पण त्याच्या पुढे मला काही दिसतच नाही. बाबा जिथपर्यंत चालले तिथपर्यंत मी त्यांच्या मागे चालत आलो. बाबांनी माझी नोकरी पाहिली नाही, लग्न पाहिलं नाही. मला अनुयाचं पाहायचं आहे. म्हणून सोळा तारीख. एवढं मला करू दे.

स्वेटर पाठवला कारण माझ्यानंतर तो कुठे जाईल याची फिकर होती. तुझ्याकडे जपला जाईल.

कमलाकर काकांना प्रणाम. तुझा हात डोक्यावर असू दे.
नचिकेत


॥ श्री ॥
झाशी, ३० नोव्हेंबर २०२४

चि. नचूला आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला, आणि भाजलेलंही मला उशिरा कळलं. एकोणपन्नास? नीळू एकोणपन्नासचा गेला असं तुला कोणी सांगितलं? अरे, तो स्वेटर मी त्याच्या पन्नाशीला विणला होता.

आता शांतपणे वाच. लहानपणी नीळूला लांबलेला ताप आला, पाय अगदी लुळे झाले, शाळा मागे पडली. पुढे मोठच्या शाळेत घातला तेव्हा गुरुजींनी त्याचं वय वर्गाच्या मापाने कापलं आणि तारीख टाकली एक जुलै. तेव्हा अर्ध्या वर्गाची तीच टाकत. कमलाकरची सुद्धा एक जुलैच आहे. खरा जन्म पत्रिकेत आहे, ती माझ्या ट्रंकेत. तुझ्या आईलाही ठाऊक होतं, आता तीही नाही. पण ते कागद घेऊन तू एकटा धावलास, आम्ही बायका रडत बसलो, कोणी त्यावरचा आकडा पाहिलाच नाही. अठ्ठावीस वर्षं माझ्या भाच्याने एक खोटा आकडा उराशी धरला आणि मला पत्ता नाही. या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

खरं वय लिहायला पेन टेकवलं होतं. मग उचललं. मी आकडा लिहिला की तू संध्याकाळपर्यंत नवी तारीख काढून बसशील. तेव्हा तुझे बाबा कागदापेक्षा मोठे होते, एवढंच. किती, ते मी सांगणार नाही.

हे मी स्वतःवरून शिकले. माझी आई एकतिसाव्या वर्षी गेली. मला तिसावं सरलं तशी मी शिवणाच्या मशीनवर बसले. माझी कांता तेव्हा सहाची. तिच्यासाठी सातव्या, आठव्या, नवव्या, दहाव्या वर्षाचे फ्रॉक अंदाजाने शिवून ट्रंक भरली. कोणाला बोलले नाही. एकतिसावं गेलं, बत्तिसावं गेलं, मी आपली इथेच. आणि कांता गेली बापावर, अशी उंच वाढली की एक फ्रॉक तिच्या गळ्यातून उतरेल तर शपथ. शेवटी बोहारणीला सगळे देऊन चार वाट्या घेतल्या. वाट्यांचं काही नाही रे. पण सहा-सात वर्षांची कांता काय बोलायची, कशाला हसायची, ते मला काही केल्या आठवत नाही. मी मशीनवर मान घालून होते.

अनुयाचं लग्न तू तसंच शिवतोयस. तिला परीक्षा देऊ दे. आणि चाळिशी कर, रोज पायी फीर. तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असा एक मित्र जोड, असं कमलाकर सांगतो. बरोबरीचे पुढे कमी होत जातात, आणि मग पत्ते खेळायला चौथा मिळत नाही.

आभाला, अनुयाला आशीर्वाद. रागावलास तरी लिहिणं सोडू नकोस.
आत्या


जबलपूर, ८ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंना आभाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र यांनी उभ्यानेच वाचलं आणि भिंतीला टेकून राहिले. मला वाटलं आता हसतील, आता रडतील, मोकळे होतील. यांनी कागद आणि पेन मागितलं. पन्नास ते पंचावन्न अशी वयं एकाखाली एक लिहिली, आणि प्रत्येकासमोर स्वतःची तारीख. पाच वर्षांच्या तारखा, आत्याबाई. एका तारखेला भीत होते, आता सगळ्यांना भितात.

कमलाकर काकांना तीनदा फोन झाला. पहिल्यांदा ते दोन वर्षं म्हणाले, दुसऱ्यांदा पाच, आणि तिसऱ्यांदा म्हणाले की भैया, मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळंच जरा मोठं दिसतं. हे तर चिडून लाल.

लग्न हललेलं नाही. उलट म्हणतात की आता भरवसाच उरला नाही, तेव्हा सोळा तारीख ठीकच आहे. अनुयाने काल पुस्तकं बाजूला ठेवली आणि यांच्याबरोबर हॉल बघायला गेली.

नाताळच्या सुट्टीत, पंचवीस तारखेला, हे झाशीला येतायत. फक्त तुमची ट्रंक उघडायला. तुम्हाला आधी कळावं म्हणून स्पीड पोस्टाने लिहितेय. काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मला काही सुचत नाही.

तुमचीच,
आभा


॥ श्री ॥
झाशी, १४ डिसेंबर २०२४

चि. नचिकेत यास आशीर्वाद.

हे पत्र वाचून तुला धक्का बसेल. मलाही बसलाय, आणि केलं तर मीच आहे.

आज सकाळी कमलाकरला घेऊन ऑटोने ओरछ्याला गेले. नीळूची पत्रिका लाल फडक्यात बांधली होती, जुनी पोथी बांधतात तशी. बेतवा नदीच्या पाण्यात सोडली. फडकं थोडं तरंगलं, एका दगडाला अडलं, तेवढ्यात मला वाटलं की धावत जाऊन परत आणावं. माझ्या भावाचा जन्म लिहिलेला तो एवढाच कागद होता. मग ते सुटलं आणि गेलं.

आता तो आकडा दोनच डोक्यांत आहे. माझं पंच्याऐंशी वर्षांचं आणि बंद, कमलाकरचं सत्याहत्तरचं आणि भरवशाचं नाही.

तू मला काय म्हणशील ते सगळं मी ऐकून घेईन, मशीन काढून ठेवणार नाही. पंचवीसला ये. पुऱ्या करते, ट्रंक उघडी ठेवते. आत शाली आहेत, आणि तुझा स्वेटर.

लोभ तुटू देऊ नकोस एवढंच मागते.
आत्या


जबलपूर, २४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

तिकीट कॅन्सल केलं, दोन महिने लिहिलं नाही, तुझ्या दोन पोस्टकार्डांना उत्तर दिलं नाही. माफ कर. तू माझ्या बाबांचा जन्म नदीत टाकलास, असं मी आभाला ओरडून सांगितलं होतं. आयुष्यात तुझ्यावर एवढा राग कधी आला नव्हता.

जानेवारीत लग्नपत्रिका छापायला द्यायच्या आदल्या दिवशी अनुया समोर येऊन बसली. म्हणाली की मी सोळा तारखेला उभी राहीन, पण घाई कशाची ते मला एकदा सांगा. मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे तारीखच नव्हती. तेवीस फेब्रुवारी सांगावी तर ती खोटी. दुसरी कोणती सांगावी, तर ती तू घालवलेली. मग मीच ग्वाल्हेरला फोन लावला. पार्थच्या आईने इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला. लग्न आता पुढच्या डिसेंबरात. अनुया सकाळपासून पुस्तकात आहे.

काल रविवार, तेवीस तारीख. आभाने पिशवी हातात दिली आणि बाजारात पाठवलं. मटार घेतले. येताना पिशवी दोन्ही हातांनी धरली होती, लोक बघत होते. घरी पोचलो. आम्ही तिघांनी बसून शेंगा सोलल्या. बस, एवढंच झालं.

चाळिशी केली. तुझं जुनं पत्र परत वाचलं, हात न लांबवता. तुझं अक्षर किती थरथरतं ते मला आत्ता दिसलं, आत्या.

आकडा नको. पण मला बाबांचं ऑफिस माहीत आहे आणि भाजीची पिशवी माहीत आहे. जी वर्षं कागदावर नव्हती, त्या वर्षांत ते काय करत होते, तेवढं लिही.

तुझा,
नचू


॥ श्री ॥
झाशी, ३ मार्च २०२५

चि. नचूला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कमलाकरला वाचायला दिलं. त्याने चष्मा दोनदा पुसला आणि मग चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर डाफरला. त्याला सांगितलं की आता त्या वर्षांचं बोल.

तर ऐक. पन्नाशी झाल्यावर तुझे बाबा पोहायला शिकले. लुळे पडले होते ना लहानपणी पाय, त्यामुळे त्याने जन्मभर पाण्याचा धसका घेतला होता. एका चैत्रात कमलाकरने त्याला बसमध्ये बसवून ओरछ्याला नेलं आणि पोटाला ट्यूब बांधून बेतवेत उतरवलं. पुढे दर रविवारी. तुझ्या आईला सांगायचा की तिथल्या रामराजाच्या दर्शनाला चाललोय. ओला पंचा घरी नेता येईना, म्हणून माझ्याकडे वाळत घालायचा. तू तेव्हा कॉलेजात, तुला कसं कळणार? ट्यूब सुटल्याच्या दिवशी दारात उभा राहिला तो दात वाजत होते आणि हसू थांबत नव्हतं. म्हणाला की अक्का, फार उशीर केला मी. मी गरम जिलेबी पुढे ठेवली. ती खाऊन झाल्यावर म्हणाला की तसा काही फार नाही, आणि आणखी मागितली.

पत्रिका सोडायला दुसरी नदी मला सुचली नसती. दगडाला अडली तेव्हा कमलाकर पुटपुटला होता की नीळूही पहिल्या दिवशी तिथेच अडला होता.

स्वेटरची कोपरं मी नव्या लोकरीने भरली. रंग जुळला नाही, तसाच घाल. ट्रंकेत पत्रिकेच्या जागी आता तो पंचा ठेवलाय, निळ्या काठाचा. होळीनंतर अनुयाची परीक्षा आटोपली की तिघं या. तुला पोहता येतं का, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही. येत नसेल तर कमलाकर म्हणतो की ट्यूब त्याच्या माळ्यावर अजून आहे, फक्त हवा भरायची.

वाट बघते आहे.
तुझी,
अनुसूया आत्या