आधी कबर, मग मत

तुझला, २४ ऑगस्ट १९९६

ती. स्लावोय्का वहिनीस,
रझियाचा नमस्कार.

चौदा सप्टेंबरला मत आपल्या गावीच द्यायचं, असा अर्ज आम्ही भरलाय. युद्धात तुमच्या लोकांनी तिथून हाकललेले चाळीस जण, एक बस, आणि पुढारी मी. परदेशी सैनिक सोबत असतील. शाळेपाशी उतरायचं, मत द्यायचं, परतायचं. पण आई म्हणते, आधी तिच्या लेकाच्या, नियाझदादाच्या कबरीवर फातिहा पढायचा, मग मत. सगळी म्हातारी माणसं तिचीच री ओढतात. कबरस्तानाच्या वाटेवर सुरुंग आहेत का? मी यांना मत द्यायला आणतेय की जीव द्यायला, हेच डोक्यात घोळतंय. आम्ही यावं म्हणून गोड लिहू नका; खरं लिहा.

आई विचारते, सुनेची कॉफी अजून पाणचटच का?

आठवणीत असू द्या,
तुमची नणंद रझिया

वर्बोवाच, ४ सप्टेंबर

चि. रझियास आशीर्वाद.

सुरुंग आहेत. मे महिन्यात एक गाय गेली. सैनिकांचा कॅप्टन म्हणाला, आमचं काम रस्ता ते शाळा. कबरस्तान नकाशात नाही. मी म्हटलं, बाबा, ही माणसं उतरून तडक तिकडेच चालू लागतील, तू नकाशा घेऊन शाळेत बस. तेव्हा त्याने वही काढली. ज्यांनी पेरले त्यांनीच काढायचे, असा नियम आहे म्हणे. पेरले कोणी, मला ठाऊक होतं: माझाच चुलतभाऊ रांको. म्हणाला, आता आठवत नाही. मी म्हटलं, मेव्हण्याच्या उशाशी पेरलेस ना, मग मतदानाच्या दिवशी सासूबाईंच्या पुढे तूच चाल. दुसऱ्या दिवशी त्याला सगळं आठवलं. सैनिकांच्या देखत आठ निघाले. मोकळ्या वाटेला पांढऱ्या पट्ट्या लावल्यात, त्यांच्याबाहेर मात्र पाऊल नको.

निर्धास्त ये. कॉफी पाणचटच आहे.
तुझी वहिनी

तुझला, १७ सप्टेंबर

ती. वहिनीस,
रझियाचा नमस्कार.

हद्दीवर आम्हाला दोन तास अडवलं. गावात रस्त्याच्या दोन्ही कडांना शिव्या, मध्ये सैनिकांची रांग. कॅप्टन म्हणाला, आता एकच जमेल, कबर किंवा मत. मी मत म्हणणार, तोवर आई निम्म्या वाटेवर, तिच्यापुढे रांको, मान खाली. मग मीही हट्टाला पेटले: दहा-दहा जण जातील, निम्मे सैनिक इकडे, निम्मे तिकडे. कॅप्टनने घड्याळ पाहिलं, त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि माणसं वाटून दिली. चाळीसही जणांची दोन्ही कामं झाली.

मतदानाच्या टेबलाशी मतदारयादी घेऊन तुम्हीच बसला होतात. आईला परक्यासारखं नाव, गाव विचारलंत, याचा मला राग आला. शेजारी पक्षांची माणसं टपून होती, हे उशिरा सुचलं. माझं चुकलं. बसमध्ये आईजवळ कुरकुरले, तर तीच डाफरली: वेडी की काय तू, त्या सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, कुठली? मी म्हटलं, इथली. आणि तिने यादीत खूण केली.

माया आहेच, ती अशीच राहो.
रझिया