पुढची खोली शाखेला, पण माझ्या अटींवर

मी, पेशाने सुतार, वय एकोणऐंशी, शिक्षण सातवीपर्यंत, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण बाबांचं डोकं फिरलं होतं, असं मुलगा म्हणेलच. फिरलं आहे, पण रागाने. त्याला दाखला लागत नाही.

१. मागच्या दोन खोल्या आणि माडी मुलाला. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखी. भांडू नये.

२. रंधे, पटाश्या, करवती मुलीला. मुलाला खिळा सरळ ठोकता येत नाही, ठराव तेवढा ठोकता येतो.

३. आता पुढची खोली. एकतीस वर्षं आमच्या पक्षाच्या शाखेची बैठक तिथे भरते. बाकं माझ्या हातची. मुलगा शाखेचा चिटणीस. आल्या आल्या वहीच्या कोऱ्या पानावर सही करायची आणि ठराव मागाहून वर लिहायचा, अशी आमच्याकडे पद्धत. म्हाताऱ्यांना लवकर घरी जाता यावं म्हणून ती मीच पाडली. कुणाला कधी वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी मी अशीच सही केली आणि कंबर धरली म्हणून आत जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की आमच्या दोनदा निवडून आलेल्या खासदार, शाळेतल्या बाई, यांची उमेदवारी शाखेने एकमताने काढून सिमेंटच्या व्यापाऱ्याला दिली. त्याला पक्षात येऊन चार दिवस झाले होते. ठरावाखाली पहिली सही माझी.

मुलाला जाब विचारला. म्हणाला, "वरून नाव आलं होतं, बाबा. आणि सही तुमचीच आहे ना? मी काय हात धरून करवली?"

संध्याकाळी बाई आल्या. बसल्या नाहीत. "काका, काढायचं तर काढायचं. पण तोंडावर सांगायचं होतंत," एवढंच म्हणाल्या. न वाचता सही केली हे कबूल करायची मला लाज वाटली.

सही मागे घेण्याचा अर्ज तीनदा दिला. तसा नियम नाही म्हणतात. म्हणून या कागदाने ती सही मी मागे घेतो.

४. पुढची खोली शाखेला, पण उमेदवार सभासदांनी गुप्त चिठ्ठीने निवडला तरच. उमेदवार निदान वर्षभराचा सभासद हवा. कुणाला काढायचं असेल तर आठ दिवस आधी कारण लेखी द्यावं, त्या माणसाला समोर बसवून त्याचं ऐकावं, मग मत घ्यावं. ठराव लिहून, मोठ्याने वाचून झाल्यावरच सह्या. हे एकदा जरी मोडलं तर खोली मुलीची. तिने शिवणयंत्रं मांडावीत. वरून आदेश आला, ही सबब चालणार नाही. या खोलीच्या वर फक्त माझं छप्पर आहे.

५. अंमलबजावणी बाईंनी करावी. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सगळं वाचून दाखवा, काका. मग हो म्हणते." दोनदा वाचून दाखवलं. एक अट त्यांनी कडक करून घेतली.

६. व्यापाऱ्याने माझ्या शोकसभेत भाषण करू नये. मला ओळखत होता, असंही सांगू नये.

७. माझ्या देहावर पक्षाचा झेंडा घालायचा की नाही, हे मुलाने ठरवू नये, बाईंनीही नाही. अंगणात सभासदांनी चिठ्ठ्या टाकाव्यात. बाहेर काढेपर्यंत वेळ असतोच. माझ्यावर राग असेल त्याने तसं मत द्यावं. मी वाईट वाटून घेणार नाही, आणि वाटलं तरी कुणाला कळणार नाही. नको निघालं तर साधी चादर पुरे.

सही: सुतार, घरमालक
साक्षीदार: औषधाच्या दुकानाचे मालक, निवृत्त पोस्टमन. दोघांनी शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्यादेखत सह्या केल्या.
ठिकाण: राहतं घर
दिनांक: ९ मार्च, सकाळी