लेबरच्या रकान्यातलं शून्य

बाबा, मी काल शूटिंग क्लबमध्ये गेले होते. काडतुसं भरायचं नवं प्रेस बसवलंय तुमच्या खोलीत. तेच, जे घेऊ नका म्हणून तुम्ही कमिटीला दोन पानांची नोट दिली होतीत. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी आत्ता भांडायला बसलेय, कारण तुम्ही होतात तेव्हा आपण कधी धड भांडलोच नाही.

तुमचं जुनं प्रेस एका वेळी एकच काम करायचं. दांडा ओढला की रिकाम्या काडतुसाच्या बुडातली जुनी, उडालेली टोपी निघायची, परत ओढला की नवी बसायची, मग बारूद, मग छर्रे, मग तोंड मिटवायचं. एका काडतुसाला पाच वेळा दांडा. नव्यात खालची प्लेट फिरते, पाच काडतुसं एकदम एकेक घर पुढे सरकतात आणि प्रत्येक ओढीला एक तयार होऊन टपकन डब्यात पडतं. बस. तुमचा उजवा खांदा शेवटी शेवटी वर होत नव्हता, आठवतंय? आई तुमचा हात धरून बाहीत घालायची, लहान मुलाला शर्ट घालतात तसा. आणि तुम्ही म्हणायचात, "थंडीमुळे आहे गं." मे महिन्यात.

पिपलानीच्या कारखान्याच्या क्वार्टरमधली एक संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. कारखान्यातल्या तुमच्या शॉपमधला एक ज्युनिअर स्कूटरवरून एस्टिमेट दाखवायला आलाय. मी व्हरांड्यात गणितं करतेय. तुम्ही कागद बघता आणि त्याच्यावर उखडता. "मटेरियल लिखा, ढुलाई लिखी, आदमी कहाँ है इसमें? जॉब क्या अपने आप बनेगा? घंटे लिख पहले!" तो बिचारा जी सर, जी सर करतोय. मला इतका अभिमान वाटला होता तुमचा! माणसाचे तास मोजणारा माझा बाप. आणि हाच माणूस रिटायर झाल्यावर क्लबमध्ये रोज फुकट राबायला लागला. वर्षाला एक शाल, एक नारळ आणि स्टेजवर खुर्ची. मॅचच्या आधी तर तुम्ही घरी जेवायलाही यायचा नाहीत.

मग कमिटीनं विचारलं, नवं प्रेस मागवायचं का, तुम्हीच मत द्या. तुम्ही टेबलच मांडलंत. एकीकडे नवं प्रेस: किंमत, कस्टम ड्युटी, बंदुकीच्या प्रत्येक बोअरचा वेगळा सेट, एक स्प्रिंग तुटली तर दोन महिने वाट बघा. दुसरीकडे चालू व्यवस्था: प्रेस आहेच, लेबर शून्य. निष्कर्ष, खर्च परवडणारा नाही. अहो, परवडेल कसा? शून्यापुढे जगातली कुठली मशीन स्वस्त पडणार आहे? सेक्रेटरी म्हणाले, "आप हैं तो मशीन की क्या ज़रूरत, भाईसाहब!" हे वाक्य तुम्ही घरी येऊन तीनदा सांगितलंत. आई तेव्हा स्वयंपाकघरात पेपर पसरून तुमच्या उडालेल्या काडतुसांचे रिकामे खोखे निवडत होती, फाटलेल्या तोंडाचे वेगळे, चांगले वेगळे. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तुम्ही मशीनपेक्षा स्वस्त, एवढंच ना?"

"तुला नाही कळायचं."

"मला हेही नाही कळत, की माझ्या कणकेला बारुदाचा वास का."

मी हसले. तुम्ही ताट सरकवून उठलात. आईचे ते तास, तिच्याशेजारी खोखे निवडण्यात गेलेले माझे रविवार, तेही सगळे त्याच शून्यात गेले, बाबा.

आता तिथे पगारी माणूस आहे, कोटऱ्याहून येतो. मला म्हणाला, "दीदी, अंकल सब हाथ से भरते थे? पूरे मैच का?" म्हटलं, हो. "पागल थे क्या?" आणि मग जीभ चावून, "सॉरी दीदी." मी म्हटलं, सॉरी कशाला, मी तर रोज हेच म्हणते. तेवढ्यात त्याचं प्रेस अडकलं. एक टोपी वाकडी बसली होती, प्लेट पुढे जाईना. अर्धा तास खोलून बसला. म्हणजे तुम्ही अगदीच चूक नव्हतात, स्पेअर खरंच मिळत नाहीत, हातानं भरलेल्यात असली भानगड कधी झाली नाही. मान्य. पण खांदा तुमचा होता. त्याचा स्पेअर कुठे मिळतो?

मी निघताना सेक्रेटरींनी जुनी फाईल दिली, "आपके काम की होगी." त्यात नोटेखाली तुमच्या अक्षरातला कच्चा कागद टाचलेला होता. सगळे आकडे आहेत त्यावर. लेबरपुढे काही नाही. फक्त पेन टेकवून ठेवल्याचा एक जाड ठिपका.

नोट मी टाईप केली होती. फर्स्ट इयरला होते, शाहपुऱ्याला तळ्यावर सगळे मित्रमैत्रिणी माझ्यासाठी थांबले होते, मोबाईल वाजत होता. एक घर रिकामं राहिलं तर टेबल घाण दिसत होतं, म्हणून मी शून्य मारलं. तुम्हाला विचारलं नाही. हे मी इतकी वर्षं विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, माहीत नाही. हे कुणाला वाचून दाखवणार नाहीये, आईला तर नाहीच. तुम्ही प्रिंट घेऊन खिडकीपाशी गेलात, दोनदा वाचलंत आणि सही केलीत. आणि मला तेव्हा फक्त बरं वाटलं होतं, की परत टाईप करायला लावलं नाहीत.