आईचा लसूण आणि न थांबणारं रक्त

मंगळवार, संध्याकाळ. चिखली.

दुपारी आईची दाढ काढली आणि रक्त थांबेचना. कापसाचा बोळा बदलला की तोही लालभडक. हृदयाच्या दुखण्यापासून तिला रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, हे दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं. मग एवढं रक्त काऊन?

"आजी, आणखी काही खाता का?" डॉक्टरांनी विचारलं. आईनं मान हलवली. नाही. पुन्हा बोळा बदलला, पुन्हा लाल. तेव्हा कुठं ती पुटपुटली, "रोज सकायी कच्च्या लसणाच्या पाकळ्या. पण ते काय औषध हाय का? घरचा लसूण हाय."

गच्चीवरच्या टबातला लसूण! मला वाटायचं, भाजीपुरता लावलाय.

"आजी, कच्चा लसूणही रक्त पातळ करतो. गोळ्यांसोबत नको," डॉक्टर म्हणाले. टाके घातले, खूप वेळ दाबून धरलं, तेव्हा थांबलं. तोवर माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते लिहवत नाही.

घरी आल्यावर मी ओरडलोच, "लपवलं कशाले?"

ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "लसणानं रक्ताच्या गोया सुटतीन वाटलं. मंग दर महिन्याले रक्त तपासाले न्यायसाठी तुले सुट्ट्या काढा लागल्या नसत्या."

मघापासून तिचे पाय चेपत बसलो होतो. आता कुठं तिचा डोळा लागलाय.