काखेतली छडी

४ डिसेंबर १९९४, कोपरखैरणे
लग्नानंतर आज सासरी राहायला आले. घर लहान, पण बोनकोड्याकडून छान वारा येतो. कुलदीप रबाळ्याच्या कारखान्यात आहेत. सासरे, आबा, जन्मभर बाजारात पोती उचलून आता घरी असतात. त्यांचा छंद मात्र अजब! इंग्रज लष्करी साहेब काखेत धरून मिरवायचे त्या आखूड छड्या जमवतात. स्वॅगर स्टिक म्हणे. भिंतभर लावल्यात, मुठींवर पलटणींची चिन्हं. आबांचे वडील अशाच एका साहेबाचे नोकर होते. “सूनबाई, ह्यांनीच आपली मानसं झोडपली. आता माझ्या खिळ्याला टांगल्यात,” म्हणाले आणि खो खो हसले. मला फार आवडले आबा.

११ डिसेंबर
आबांनी कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून नवी छडी आणली. काळं लाकूड, चांदीची मूठ. भंगारवाल्यानं म्हणे ती फडक्यात धरूनच दिली, उघड्या हातानं शिवला नाही. आबांना त्याचं हसू येत होतं. छडी काखेत धरून त्यांनी साहेबाची नक्कल केली. आम्ही सगळे हसलो.

१४ डिसेंबर
आबा छडी खाली ठेवत नाहीत. जेवतानाही डावा हात अंगाशी घट्ट. जेवताना तरी ठेवा, असं सासूबाई म्हणाल्या, तर त्यांच्या मनगटावर सपकन मारली. मग स्वतःच रडायला लागले. “मी न्हाई मारलं, दुर्गे. मी न्हाई.”

१७ डिसेंबर
आज आबा इंग्रजीत बोलले. घोटीव, थंड इंग्रजी. आबा चौथी शिकलेत. कुलदीप समोर ताठ उभे राहिले आणि आबा त्यांच्याभोवती फिरत राहिले. का उभे राहिलात, असं नंतर विचारलं. पाय आपोआप जुळले, म्हणाले.

१९ डिसेंबर
दुपारी आबांचा डोळा लागला तेव्हा छडी ओढून काढली. हात जणू अंगाला शिवून टाकला होता. रिक्षा करून खाडीवर गेले, फेकली. बुडताना पाहिली. घरी आले तर आबा दोन्ही हातांत कप धरून चहा पीत होते. सासूबाईंनी मला जवळ घेतलं. सुटलो.

२० डिसेंबर
कुलदीप कामावरून आले. डावा हात अंगाशी दाबलेला. आखडलाय म्हणाले. काखेत काही नाही. मी बोटं घालून पाहिली — काही नाही.

२१ डिसेंबर
सासूबाईंच्या पाठीवर वळ. ताजे. घरात छडी नाही — भिंतीवरच्या सगळ्या मी काल गोणीत बांधून टाकून आले. तरी हवेत सपकन आवाज येतो.

२२ डिसेंबर, सकाळ
कुलदीप खुर्चीत बसलेत. आबा त्यांच्या पायाशी. बूट पुसतायत. माझ्याकडे बघत नाहीत.
सासूबाईंना घेऊन माहेरी साताऱ्याला जायचं. आत्ताच. पण त्या दारात उभ्या — हलत नाहीत — हात मांडीला चिकटलेले —

कुलदीपनी त्याच थंड इंग्रजीत हाक मारली. माझ्या नावानं नाही.
मी जाणार नाही. मी इथंच बसून लिहिणार.
टाचा जुळल्या. मी नाही जुळवल्या —
मी उठत नाहीये, मला कुणीतरी उठव