गाळा क्रमांक ४१ मधील पाहुण्यांची बदली

प्रति,
मा. विभागीय नियंत्रक (नेमणुका, बदल्या व माघार),
आंतरतारकीय शांतिरक्षक दल,
शाखा कार्यालय, तिसरा मजला, क्ष-किरण केंद्राच्या वर.

विषय : गाळा क्र. ४१ येथे नेमलेल्या सहाव्या श्रेणीतील सदस्यांची माघार रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपला माघार आदेश, गेल्या सोमवारी दाराखालून सरकवलेला.
२) माझे यापूर्वीचे नऊ अर्ज, ज्यांत मी याच्या नेमके उलट मागितले होते.

महोदय, महोदया अथवा आपल्याला जे लागू असेल ते,

१. मी खाली सही करणारी पुस्तकबांधणीचा धंदा करते. माझा धाकटा भाऊ त्याच गाळ्यात कागदावर रेघा आखायचे यंत्र चालवतो. तीन वर्षांपूर्वी आपल्या दलाचे एक सदस्य आमच्याकडे आले, तेव्हा आम्हा बहीणभावांचे बोलणे बंद होऊन अकरा वर्षे झाली होती. गाळ्याच्या मधोमध खडूची रेघ होती. उजवी बाजू माझी, डावी त्याची. रोज सकाळी कुलूप काढले की तो आधी रेघ पुन्हा ओढत असे व मग यंत्राला तेल घालत असे. रेघ मात्र अतिशय सरळ असे, हे मान्य केले पाहिजे. हा आमचा घरगुती मामला होता. त्याबद्दल आम्ही कोणाकडेही, आणि आकाशात तर मुळीच, तक्रार केलेली नव्हती.

२. सदर सदस्य मंगळवारी दुपारी, मी खळ शिजवीत असताना, छताला धक्का न लावता छतातून खाली आले. त्यांची उंची गाळ्यापेक्षा हातभर जास्त असल्याने ते आल्यापासून मान वाकवून आहेत. रंग ओल्या पाटीसारखा. हातांची बोटे एकूण सतरा. तोंड नाही. त्यांचा आवाज जवळच्या कोणत्याही पोकळ भांड्यातून येतो, हे आम्हांस त्या वेळी माहीत नव्हते. त्यामुळे माझ्या खळीच्या पातेल्यातून जेव्हा "दोन्ही बाजूंनी शस्त्रे खाली ठेवावीत" असे ऐकू आले तेव्हा मी पातेलेच खाली ठेवले. भावाने पट्टी ठेवली. माझ्या हातात दाभणही होता, तो मी नंतर ठेवला. याची नोंद सदस्यांनी 'प्रारंभिक यश' अशी केली आहे.

३. ही नेमणूक चुकून झाली होती. आपला मूळ हुकूम 'क्षेत्र ४१, डावा व उजवा ग्रह, परस्परसंवाद बंद, मध्ये सीमारेषा' असा होता. क्रमांक जुळला, डावे-उजवे जुळले, रेघही जुळली. चूक सदस्यांच्या स्वतःच्या लक्षात त्याच आठवड्यात आली व त्यांनी तसे कळवले. त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर आले की, "जेथे पोहोचला आहात तेथे आधी शांतता करावी, मग पुढचे पाहू." उत्तराची प्रत सोबत जोडली आहे.

४. आता माझ्या त्या नऊ अर्जांबद्दल. ते मी शुद्धीवर राहून लिहिले होते व त्यांतले सर्व खरे होते. सदस्यांच्या कमरेला जो पट्टा आहे तो आपोआप चालतो. समोर कोणी रागाने आवाज चढवला की तो माणूस आणि त्याचा प्रतिपक्ष दोघेही जमिनीपासून वर उचलले जातात व राग उतरेपर्यंत खाली येत नाहीत. आवाज चढला की माणूस चढतो, अशी माझी भावजय (ती शाळेत गणित शिकवते) ही व्यवस्था तिच्या वर्गाला समजावते. प्रबंध बांधायला आलेले एक प्राध्यापक मुखपृष्ठावरच्या सोनेरी अक्षरांत स्वतःचे आडनाव चुकलेले पाहून माझ्यावर ओरडले. ते आणि मी वीस मिनिटे पंख्याच्या दांडीला धरून होतो. चूक माझी होती, ती मी वरच कबूल केली, तरी त्यांचा राग उतरेना. शेवटी भावाने स्टुलावर चढून त्यांना चहा दिला. असे प्रकार आठवड्याला तीन-चार होत. म्हणून मी 'सदस्यांस तातडीने हलवावे' असे नऊ वेळा लिहिले. एकाचेही उत्तर आले नाही, त्याबद्दल आज मी आपल्या कार्यालयाची मनापासून आभारी आहे.

५. पहिल्या पावसाळ्यानंतरची एक घटना सांगणे भाग आहे. रेघेच्या माझ्या बाजूला भावाच्या शाईचे दोन थेंब पडले. मी बोललेच नसते, पण ते थेंब एका वकिलांच्या कोऱ्या कापडी पुठ्ठ्यावर पडले होते. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. तोही ओरडला. दोघेही वर गेलो. दुपारचे साडेबारा ते साडेचार आम्ही छताखाली समोरासमोर होतो, आणि खाली आपले सदस्य मान वाकवून, दोन्ही बाजूंकडे सारखेच पाहत उभे होते.

चार तास वर काढायचे म्हणजे काहीतरी बोलावेच लागते. मी त्याला म्हटले, "मोठं कटिंग मशीन कुठल्या भिंतीला लावायचं, असं मी तुला तेव्हा तीनदा विचारलं. तीनदा! तू मान वर केली नाहीस. म्हणून मी माझ्या भिंतीला लावलं."

तो म्हणाला, "कधी विचारलंस?"

"तू रेघा मारत होतास तेव्हा. मी तुझ्या डाव्या बाजूला उभी होते."

त्याने उजवा कान माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "ताई, मला त्या वर्षापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही. यंत्राच्या आवाजानं गेला. मला वाटलं, तू न विचारता मशीन ओढून घेतलंस."

"मग सांगितलं का नाहीस, कान गेल्याचं?"

"आपण बोलत कुठं होतो?"

यानंतर आम्ही दोघे एकदमच खाली आलो. भाऊ जरा जोरात आला व त्याचा घोटा मुरगळला. सदस्यांनी पातेल्यातून विचारले, "शांतता झाली काय?" मी म्हटले, "गप्प बसा हो." आणि माझे पाय जमिनीवरच राहिले.

६. तेव्हापासून सदस्यांस आमच्या घरी 'पाहुणे' म्हणतात. शांतता झाल्याचे कळवणे त्यांचे कर्तव्य होते व ते त्यांनी त्याच दिवशी कळवले. आपल्या कार्यालयाने ते दोन वर्षे वाचले नाही. त्या दोन वर्षांत ते जुजबंदी, म्हणजे घडीच्या पानांचे फर्मे एकमेकांना शिवणे, शिकले. सतरा बोटांनी ते फर्म्याला फर्मा इतका घट्ट शिवतात की कणा वाकत नाही, म्हणून मी त्यांना प्रत्येक तिसरा टाका सैल घालायला शिकवले. ते काहीही खात नाहीत. ताज्या खळीच्या वाफेवर त्यांचे भागते. भाऊ मला ताई म्हणतो म्हणून तेही ताई म्हणतात. भावजय मला वन्सं म्हणते, म्हणून कधी कधी 'ताई वन्सं' असेही म्हणतात. भावजय त्यांना किटलीतूनच बोलायला लावते, कारण किटलीत त्यांचा आवाज हसरा वाटतो असे तिचे म्हणणे. शाळेच्या परीक्षेचे गुणही ती त्यांना त्याच किटलीतून वाचून दाखवायला सांगते. त्यांनी आजवर एकाही मुलाला नापास ऐकवलेले नाही. नापासाचा आकडा जवळ आला की ते थांबतात आणि किटली नुसतीच गुणगुणते.

७. सोमवारी आपला आदेश आला. 'गाळा ४१ येथे शांतता प्रस्थापित. सदस्यांनी शुक्रवारी सकाळी मूळ नेमणुकीच्या जागी, म्हणजे क्षेत्र ४१ येथे, हजर व्हावे.' पाहुण्यांनी तो घडी करून पट्ट्यात ठेवला आणि शिवायला बसले. दुपारपर्यंत त्यांनी एकच फर्मा तीनदा उसवला. मग माठ रिकामा होता त्यातून अगदी हलका आवाज आला.

"तिथं माझ्या आधी तिघं गेले, ताई. एकाचा पट्टा परत आला."

भाऊ म्हणाला, "मग जाऊ नका. नाही म्हणून कळवा."

"नियम चौदा. सदस्यानं स्वतःची इच्छा कळवू नये."

"मग आमची कळवा!" भाऊ ओरडला. तो एकटाच वीतभर वर गेला. समोर प्रतिपक्ष कोणी नव्हता. पट्ट्याला काय करावे ते कळले नसावे, कारण त्याने लगेच त्याला खाली सोडले.

मी आपणांस विचारते, महोदय. सहाव्या श्रेणीचा सदस्य म्हणजे काय, हे आपण पाहिले आहे काय? त्यांना कात्री हातात घ्यायची भीती वाटते. कटिंग मशीन चालू असताना ते बाहेर जाऊन उभे राहतात.

८. माघारीपूर्वीच्या तपासणीसाठी बुधवारी आपले निरीक्षक आले. निरीक्षक हे तीनशे बावन्न लहान गोळ्या मिळून एक अधिकारी आहेत, हे त्यांनी प्रथमच स्पष्ट केले व माझ्या कागदाच्या ट्रेमध्ये बसले. आता लपवून उपयोग नाही : त्यांच्यासमोर आम्ही खोटे भांडलो. आदल्या दिवशी ठरवून, कागदावर लिहून. मी म्हणायचे की मशीन माझे, तो म्हणणार की त्याचे. भावजयीने आमच्याकडून दोनदा घोकून घेतले. मी शिरा ताणून ओरडले. भावाने पट्टी आपटली. भावजयीने मध्ये पडून दोघांना नालायक म्हटले, हे ठरलेले नव्हते. परंतु आमचे पाय जमिनीवरून सुटेनात. भाऊ तर टाचा उचलून चवड्यांवर उभा राहिला. निरीक्षकांनी टाचा मोजल्या. पाहुण्यांना खोटे बोलता येत नाही, ते भिंतीकडे वळून उभे राहिले आणि गाळ्यातल्या प्रत्येक भांड्यातून एक बारीक आवाज येऊ लागला. तो कसला, हे मला सांगता येणार नाही. तीन वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

अहवालात 'शांतता निर्विवाद' असा शेरा पडला.

९. सदर अहवालास माझी हरकत आहे. त्यावर तीनशे एक्कावन्नच सह्या आहेत. निरीक्षक ट्रेमधून उठताना त्यांचा एक भाग कपाटाखाली गेला. तो आज सकाळी केर काढताना सापडला. तो आम्ही काडेपेटीत, वर चार भोके पाडून, सोबत परत पाठवीत आहोत. त्यांचा निरोप भावाने उजवा कान लावून ऐकला आहे. त्यांचे म्हणणे, बहुमत मान्य नाही. यापुढचे त्यांना समक्ष बोलायचे आहे. निरीक्षक पूर्ण नव्हते तर अहवाल पूर्ण कसा, एवढेच मी विचारते. सबब माघार आदेश रद्द करावा, ही पहिली विनंती.

१०. हरकत टिकली नाही तर दुसरी विनंती. तिचा विचार आम्ही चौघांनी काल शांतपणे बसून केला आहे.

त्या दोन ग्रहांचे बोलणे किती वर्षांपासून बंद आहे हे आपल्या आदेशात नाही. कोणी कोणाला काय विचारले होते, आणि कोणत्या बाजूने, हेही नाही. तिघा सदस्यांना पाठवताना हे कोणी शोधले होते काय? दोन बाजू अकरा वर्षे कशा गप्प राहतात, रोज रेघ ओढताना मनात काय चालते आणि ती ओढणे एक दिवस राहून गेले तर कसे वाटते, याची माहिती आपल्या दलात कोणाला नसावी. आम्हाला आहे. तेव्हा पाहुण्यांना पाठवायचेच असेल तर मला व माझ्या भावाला त्यांच्यासोबत पाठवावे. पद, गणवेश, पट्टा काही नको. मी डाव्या ग्रहाकडे जाईन, भाऊ उजव्याकडे, कारण त्याचा उजवा कान चांगला आहे. पाहुण्यांनी मधे उभे राहावे, ते त्यांना चांगले जमते. भावजय परीक्षा संपेपर्यंत गाळा सांभाळील व मग सुट्टीत येईल. तिने तसे लेखी दिले आहे.

हाती असलेली कामे आज रात्रीपर्यंत पूर्ण होतील. प्राध्यापकांचा दुसरा प्रबंध तेवढा राहील. त्यांना कल्पना दिली आहे व त्यांनी 'चालेल' म्हटले, हळू आवाजात.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघे शटरबाहेर उभे राहू. वाहन पाठवाल तर तिघांचे पाठवावे. एकाचे आले तर आम्ही त्यातही दाटीवाटीने बसू.

उत्तराच्या नव्हे, वाहनाच्या वाटेकडे डोळे लावून,

(सही) थोरली बहीण, पुस्तकबांधणी, गाळा क्र. ४१
(सही) धाकटा भाऊ, रेघा

दिनांक : आदेशानंतरचा तिसरा दिवस, गुरुवार

सोबत :
१) आपल्या जुन्या उत्तराची प्रत.
२) भावजयीचे संमतिपत्र.
३) निरीक्षक (अंशतः), काडेपेटीत. कृपया हलवू नये.
४) एक वही. ही पाहुण्यांनी स्वतः शिवली, स्वतः कापली (मशीनवर, आम्हा कोणाला न सांगता) आणि अर्जाला जोडा म्हणून माझ्यापुढे ठेवली. नियम चौदामुळे तीत त्यांनी एक अक्षरही लिहिलेले नाही. कृपया शेवटच्या पानापर्यंत वाचावी.