चढ आला, माणसं खाली

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावर. प्रत्यक्षात गाडीखाली निजून निजून कंबर अशी धरली आहे की सध्या देवालाही मी उभ्यानेच हात जोडतो.) तुझे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे तू भाऊजींना एक सांगतेस आणि आईला फोनवर दुसरंच, तेव्हा काय ते एकदा नक्की कळव. भाऊजींच्या खोकल्यालाही माझा नमस्कार सांग. इकडे आई बरी आहे. तिला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते सगळं स्वच्छ येतं. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की मी बाबांच्या गाडीचं इंजिन बदललं. आता लगेच कपाळाला हात लावू नकोस, आधी ऐकून घे. चार वर्षं झाली तू घरी आलेली नाहीस. दर वेळी लिहितेस की मला टेकडीचा चढ चढवत नाही, आणि भाड्याच्या गाड्या तिरक्या खांबाच्या पुढे येत नाहीत, कारण वर गाडी वळवायला जागा नाही. आईला तर आता फाटकापर्यंत जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस तयारी लागते, म्हणजे ती तुझ्याकडे येण्याचा प्रश्नच नाही. राहता राहिली बाबांची गाडी. आणि त्या गाडीचा कायदा तुला माहीतच आहे. तिरका खांब आला की बाबा ब्रेक दाबून ओरडायचे, "चढ आला, माणसं खाली!" की आपण सगळे खाली. गाडीत एकटे बाबा, आणि मागून आपली वरात. साऱ्या जगात लोक गाडीत बसून घरी जातात, आपण गाडीला घरी पोचवायला जायचो. मी ढकलायला, आणि तू दगड घेऊन. मध्येच गाडी धापा टाकत थांबली की तू पळत जाऊन मागच्या चाकाला दगड लावायचीस आणि "लावला!" म्हणून ओरडायचीस. तेव्हाच बाबा ब्रेकवरचा पाय काढायचे. मी एकदा "लावला" म्हणालो होतो, तर ते गाडीतून उतरून स्वतः बघायला आले. (पायाचा अंगठा ब्रेकवर तसाच ठेवून कसे उतरले, हे मला अजून कळलेलं नाही.)

असो. मी ठरवलं की ताईला गाडीतून न उतरता थेट दारापर्यंत आणायचं. त्यासाठी ताकदीचं इंजिन हवं. आपला मेकॅनिक तुला आठवत असेल. त्याला सगळे 'लगेच' म्हणतात, कारण कुठलंही काम सांगा, तो "लगेच करतो" म्हणतो. त्याने भंगारातून एका निवृत्त ॲम्ब्युलन्सचं इंजिन शोधून काढलं. मला जरा कसंसंच झालं. लगेच म्हणाला, याच्याइतकं घाईची सवय असलेलं इंजिन तुम्हाला शोधून सापडायचं नाही. मला पटलं. (मला काय, काहीही पटतं. हे मी नव्हे, तुझी भावजय म्हणते.)

जुनं इंजिन काढायला एक सकाळ लागली. नवं बसवायला आठ महिने. ते वीतभर लांब निघालं. मग रेडिएटर पुढे सरकवला, तर पंखा त्याला घासायला लागला. पंखा बदलला, तर बॉनेट बसेना. बॉनेट दोन आठवडे आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधून ठेवलं होतं, आणि तेवढे दिवस आपल्या घरातले कपडे शेजारच्या मास्तरांच्या कुंपणावर वाळत होते. इंजिनाबरोबर त्याचा गिअरबॉक्स आला, आणि गिअरचा दांडा आला तो नेमका पुढच्या सीटच्या मधोमध, म्हणजे जिथे लहानपणी बाबांच्या शेजारी बसण्यासाठी आपण एकमेकांचे केस उपटायचो, बरोबर त्या जागी. मी लगेचला म्हटलं, दांडा जरा बाजूला घे. तो म्हणाला, तिथे आता कोण बसणार आहे? दांडा तिथेच राहिला. घरी येऊन जेवलो नाही, तेव्हा आईने विचारलं, मीठ जास्त झालंय का.

मधल्या काळात आणखी एक भानगड झाली. वजन कमी करायचं म्हणून लगेचने डिकीतलं सगळं सामान बाहेर टाकलं, आणि त्यात तुझा दगड गेला. मला पत्ता नाही. आईने मात्र संध्याकाळी विचारलं, "सगळं नवं बसवतोयस ते ठीक, पण दगड कुठाय?" आईने डिकीत कधी डोकावून पाहिलेलं नाही ग. तरी तिला माहीत. दुसऱ्या दिवशी मी आणि लगेच गॅरेजमागच्या ढिगात दगड शोधत होतो. साठीच्या माणसाने दगडांत दगड शोधावा, हे बघून दोन गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी त्यावरच्या पांढऱ्या रेघेवरून ओळखला. धुऊन परत डिकीत ठेवला आहे.

मग आला चाचणीचा दिवस. मागे ही आणि शेजारचे मास्तर, जे पंचवीस वर्षं आपल्या गाडीने बाजारात जातात आणि पंचवीस वर्षं चढावर उतरतात. सपाटीवर गाडी अशी सुटली की मास्तर शुभंकरोति म्हणायला लागले. तिरक्या खांबापाशी मी क्षणभर थांबलो, पहिला गिअर टाकला, मागे धाड धाड असा आवाज झाला, तो मला नव्या गिअरबॉक्सचा वाटला, आणि गाडी निघाली. ताई, काय सांगू! थांबली नाही, धापा टाकल्या नाहीत. मी आरशात न बघता सगळा चढभर भाषण करत होतो. म्हटलं, बाबा असायला हवे होते. म्हटलं, आता आपल्या ताईला कुणी रस्त्यात उतरवणार नाही. आणखीही बोलणार होतो, पण म्हटलं मागे मास्तर आहेत, आवरावं. दारात गाडी थांबवली आणि विचारलं, "मग, कसं वाटलं?"

ओट्यावर खुर्चीत आई बसली होती. ती म्हणाली, "गाडी आली. माणसं कुठायत?"

मागे वळून बघतो तर सीटवर मास्तरांची टोपी तेवढी. दोघंही खांबापाशी उतरली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं, पण पंचवीस वर्षांची सवय. खांब आला, पाय खाली. वीस मिनिटांनी दोघं हसत हसत वर आली. हिला विचारलं तर म्हणाली, "उतरायचं नाही हे तुम्ही सांगायचंत ना." ती वीस मिनिटं मी आईशेजारी पायरीवर बसून होतो. दोघांचं बोलणं खालून ऐकू येत होतं. आई म्हणाली, "पूर्वी मी गाडीच्या आवाजावर चहा ठेवत नसे. गाडी मेली कधीही बंद पडायची. तुझी ताई हसायला लागली की ठेवायचे."

तेव्हा गाडी तयार आहे. कधी येतेस ते कळव.

तुझा धाकटा

ता. क. चढायला काही अडचण नाही. ब्रेकचं कामही करून घेतलं आहे. फक्त चाचणीच्या दिवसानंतर हँडब्रेक नव्या वजनाला दाद देईनासा झाला आहे. लगेच म्हणतो, लगेच करतो. म्हणजे यंदा नाही. त्यामुळे वर पोचल्यावर कुणीतरी चाकाला दगड लावेपर्यंत मला पाय दाबून बसावं लागतं. हिला लावायला सांगितला तर ही म्हणते, "बहुतेक लागला." बहुतेकवर माझा पाय निघत नाही.

ता. क. २. मागच्या वेळी अर्ध्या चढावर तुझा गुडघा अडला आणि तू कठड्यावर बसलीस, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो की तू जरा वजन कमी केलंस तर गाडी आणि तू दोघीही चढाल. सगळे हसले. तूही हसलीस. पण त्यानंतर तू आली नाहीस, आणि ते गुडघ्यामुळे नाही, हे मला चार वर्षं माहीत आहे. चुकलो ग ताई. एवढं म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी इंजिन बदलत बसलो.

ता. क. ३. पत्र आईला वाचून दाखवलं. वरचं दोन नंबरचं मी गाळलं, तर म्हणाली, "तेही वाच." वाचलं. तिने लिहायला सांगितलं आहे की दगड जड आहे, तू वाकायचं नाहीस, तो मास्तर लावतील. तू नुसतं चाकाकडे बघून सांगायचंस. तू "लावला" म्हणेपर्यंत मी ब्रेकवरचा पाय काढणार नाही.